न्यूझीलंडमध्ये मोटरहोम घेताय? मग स्पीड आणि डिझेलचा हिशोब आधी समजून घ्या

मी ख्राइस्टचर्चला राहतो. दर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, पुण्या-सांगलीकडून कोणी ना कोणी नातेवाईक येतात, साउथ आयलंड फिरायला मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेतात, आणि गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते रे?" प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर गाडीपेक्षा तुमच्या उजव्या पायावर जास्त अवलंबून आहे. तेच सगळ्यांना फोनवर सांगून सांगून आता नीट लिहून काढतोय. पहिल्यांदा मोटरहोम चालवणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून सांगतो.

पहिलं काम: गाडी किती वजनाची आहे ते विचारा

चावी घेताना काउंटरवर हे विचारायचंच, की या गाडीचं जीव्हीएम, म्हणजे सामान-माणसं-पाणी धरून परवानगी असलेलं जास्तीत जास्त वजन, ३५०० किलोच्या वर आहे की खाली. इथे ओपन रोडला, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला, साधारण १०० किमीची मर्यादा असते, पण ३५०० किलोच्या वरच्या गाडीला ९० ची आहे. सहा जणांचे मोठे मोटरहोम बऱ्याचदा त्या वरच्या गटात येतात आणि लोकांना हे माहितीच नसतं, बोर्डावर १०० दिसलं की १०० ने सोडतात. म्हणजे दंडाची भीती आहेच आणि वर डिझेलही जातंय.

आणखी एक, भाड्याचे बहुतेक मोटरहोम डिझेलचे असतात आणि इथे डिझेलवरचा रस्त्याचा टॅक्स पंपावर नाही तर किलोमीटरवर घेतात, त्याला रोड युजर चार्जेस म्हणतात. कंपनी तो गाडी परत देताना किलोमीटर बघून लावते, काही पॅकेजमध्ये आधीच धरलेला असतो, ते विचारून घ्या. हे मुद्दाम सांगतोय कारण हळू चालवून हा टॅक्स वाचत नाही, तो कमी करायचा तर फिरणंच कमी करावं लागेल. स्पीडने वाचतं ते फक्त डिझेल.

दुसरं: कारच्या सवयी विसरा, हवा समजून घ्या

आपण कारमध्ये १०० ने जातो तेव्हा हवा जाणवत नाही. कारचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ दोन-सव्वादोन चौरस मीटर असतं, मोठ्या मोटरहोमचं सहाच्या आसपास जातं, आणि वर आकार कपाटासारखा. म्हणजे तुम्ही एक भिंत उभी धरून हवेतून ढकलत नेताय असं समजा. आता हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर स्पीड २५ टक्क्यांनीच वाढला पण हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढला. ९० वरून १०० म्हणजे विरोध साधारण २३ टक्के जास्त. टायरचं घर्षण मात्र स्पीडने फारसं वाढत नाही, म्हणून सगळा खेळ हवेचाच आहे आणि तो ७०-८० च्या पुढे सुरू होतो.

चार टनांच्या गाडीचा सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ढोबळ हिशोब मी मांडून बघितला तर ८० ला १०० किमीमागे साधारण १० लिटर, ९० ला १२ आणि १०० ला १४ च्या आसपास येतं. आपल्या भाषेत ८० ला दहाचं ॲव्हरेज, १०० ला सातचं. गाडीप्रमाणे आकडे वरखाली होतील, पण ८०, ९०, १०० मधलं अंतर साधारण असंच राहतं.

उलट बाजूने, ५० ने चालवलं तर अजून वाचेल असंही नाही. फार हळू गेलं की गाडी खालच्या गिअरमध्ये राहते, इंजिन चालू राहण्याचं डिझेल तसंही जातंच, आणि मागे रांग लागते ते वेगळंच. सपाट ओपन रोडवर ८० ते ८५, हा माझा आकडा आहे आणि सगळ्यांना मी तोच सांगतो.

आता प्रामाणिकपणे पैशाचं सांगतो. दोन आठवड्यांत साउथ आयलंडला २००० किमी फिरलात तरी त्यातले मोकळे, सपाट, १०० ने जाता येईल असे हजार धरा. त्यात १०० ऐवजी ८५ ठेवलं तर तीसेक लिटर वाचेल, दोन डॉलर लिटर धरला तर साठ डॉलर. कॅम्पसाइटवर विजेची जोडणी असलेल्या जागेचं एका रात्रीचं भाडं निघतं. फार मोठी रक्कम नाहीये, मान्य. पण जास्त स्पीडने मिळतं काय ते पण बघा. ख्राइस्टचर्च ते टेकापो साधारण २२५ किमी, सगळा रस्ता १०० ने गेलात तर सव्वादोन तास, ९० ने अडीच. पंधरा मिनिटं. आणि प्रत्यक्षात जेराल्डिनला पाय मोकळे करायला, फेअरलीला पाय खायला (हो, इथे पाय म्हणजे गरम भरलेली पेस्ट्री, फेअरलीची बेकरी त्यासाठी ओळखली जाते) थांबणारच, त्यामुळे ती पंधरा मिनिटं कुठे गेली ते कळतही नाही.

तिसरं: आरशात बघून स्पीड वाढवू नका

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक लोक स्वतःहून १०० ने चालवतच नाहीत, नवीन गाडी, मोठी गाडी, जरा धाकच असतो. स्पीड वाढतो तो मागच्या गाड्यांमुळे. आरशात तीन कार दिसल्या की आपल्याला अपराधी वाटायला लागतं आणि पाय आपोआप दाबला जातो.

माझी पहिली ट्रिप अशीच झाली. सांगलीचे काका-मावशी आले होते, काकांची एसटीत ड्रायव्हर म्हणून सगळी नोकरी घाटात गेलेली, ते शेजारच्या सीटवर शांत बसले होते. स्टेट हायवे १ ला कँटरबरीच्या सपाटीवर नॉर्थवेस्टचा वारा सुटला होता, मागे रांग होती आणि मी दाबत होतो, काटा १०० च्या आसपास, गाडी ओरडतेय, डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली. बराच वेळ बघून काका म्हणाले, "अरे त्यांना जाऊ दे की पुढं, आपल्याला कुठं रेल्वे पकडायचीय?" पुढे डावीकडे रुंद जागा आली, मी गाडी बाजूला घेतली, सहा-सात गाड्या गेल्या, दोघांनी हॉर्न हलकासा वाजवून थँक्यू केलं, आणि रस्ता मोकळा. त्या दिवसापासून हेच करतो.

तर करायचं असं. रस्त्यात जागोजागी स्लो व्हेइकल बे असतात, आधी बोर्ड येतो, डावीकडे एक छोटी लेन फुटते. मागे कोणी असेल तर त्यात शिरायचं, शक्यतो न थांबता, फक्त पाय काढून, लोक पुढे गेले की परत रस्त्यावर. पासिंग लेन (ओव्हरटेकसाठी दिलेली जादा लेन) आली की डाव्या लेनमध्येच राहायचं आणि तिथे स्पीड अजिबात वाढवायचा नाही, रस्ता रुंद झाला की नकळत पाय दाबला जातो आणि मागच्याला पुढे जाताच येत नाही. बे नसेल आणि बरीच रांग झाली असेल तर नीट दिसणारी, पक्की, सुरक्षित जागा बघून थांबा, मऊ खडीवर जड गाडी उतरवू नका. हळू चालवणाऱ्याने डावीकडे राहून मागच्यांना वाट द्यायची हा इथल्या रोड कोडचाच नियम आहे. तुम्ही वाट देत राहिलात तर ८५ ने जायला कोणाचीच हरकत नसते.

चौथं: वारा

वारा हा लपलेला स्पीड आहे. तुम्ही ९० ने चाललाय आणि समोरून ३० चा वारा येतोय, तर गाडीच्या हिशोबाने हवा १२० ने आदळतेय, आणि विरोध बिनवाऱ्याच्या ९० पेक्षा पावणेदोन पट होतो. लोक म्हणतात काल चांगलं ॲव्हरेज दिलं आज काय झालं, गाडीला काही झालेलं नसतं. अशा दिवशी ७५ वर या. तेवढा वेळ जातो, पण १०५ चीच हवा लागते आणि गाडी हातात राहते.

कँटरबरीत तो नॉर्थवेस्टर वारा डोंगरावरून उतरतो, कोरडा, गरम आणि जोराचा. त्यात रकाइया नदीचा पूल पावणेदोन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना मोकळं पात्र, तिथे आडव्या झोताने तीन मीटर उंच गाडी चांगली ढकलली जाते. तिथे डिझेल सोडा, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि स्पीड कमी. सकाळी निघताना मेटसर्विस या हवामानाच्या साइटवर वाऱ्याची चेतावणी आहे का एवढं बघायचं, असली आणि घाई नसली तर दुपारचा चहा आहे तिथेच घ्यायचा. आणि हो, निघायच्या आधी छतावरची खिडकी बंद आहे ना ते वर चढून नाही तर आतून हात लावून बघा, उघडी राहिली तर हवेला अडते आणि उडूनही जाते.

पाचवं: घाट

टेकापो समुद्रसपाटीपासून ७१० मीटरवर आहे. चार टन गाडी तेवढी उचलायला, इंजिनची कार्यक्षमता धरून, साधारण दोन लिटर डिझेल जास्त जातं, कसंही चालवा. म्हणून ख्राइस्टचर्चहून वर जातानाचं ॲव्हरेज बघून घाबरू नका, परतीला त्यातलं काही परत मिळतं.

चढण दिसली की लोक खालीच जोर लावतात, वेग साठवायला, आणि मग पहिल्याच वळणाला ब्रेक. त्याऐवजी ८० ने या आणि चढताना ७०, ६० जितका उतरेल तितका उतरू द्या, ॲक्सिलेटर तळाला टेकवू नका. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असला तरी तो सारखा वरखाली करायला लागला तर मॅन्युअलवर घेऊन एक गिअर धरून ठेवा. क्रूझ कंट्रोल सपाटीवर उत्तम, घाटात बंद करा, त्याला पुढची चढण-वळणं दिसत नाहीत, तो ९० टिकवायला डिझेल ओततो. पावसात आणि वळणावळणाच्या रस्त्यावर पण बंद.

उतारावर न्यूटरल करायचं नाही. आपल्याकडे अजून काही जणांना ही सवय आहे, डिझेल वाचतं असं वाटतं. उलट गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय पूर्ण काढला की आजकालच्या डिझेल इंजिनात इंधन जाणंच बंद होतं, न्यूटरलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जात राहतं. आणि न्यूटरलमध्ये सगळा भार ब्रेकवर, चार टन गाडी, ब्रेक तापले की संपलं. काका म्हणतात तसं, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. लिंडिस पास ९७१ मीटर, आर्थर्स पास ९२०, दोन्हीकडे हे लागेल. वानाका-क्वीन्सटाउन मधला क्राउन रेंजचा रस्ता १०७६ मीटरपर्यंत चढतो, वळणं घट्ट, तिथे मोठा मोटरहोम नेऊ नका, काही कंपन्यांच्या करारात मनाईच असते, क्रॉमवेलवरून जा, थोडं लांब पडतं पण रस्ता बरा.

सहावं: ब्रेक म्हणजे डिझेल फेकून देणं

चार टन गाडी शून्यापासून ९० पर्यंत न्यायला साधारण १०० मिली डिझेल लागतं. अर्धा कप चहाएवढं. एकदा काही नाही, पण वेस्ट कोस्टला एका लेनचे पूल किती आहेत! हास्टचा एक लेनचा पूल तर ७३७ मीटरचा आहे, मध्ये थांबायला जागा ठेवल्यात. अशा प्रत्येक पुलाला ९० ने येऊन करकचून ब्रेक मारला आणि परत ९० ला नेलं की दिवसाअखेर एक-दोन लिटर असेच गेले. पुलाचा बोर्ड लांबून दिसतो, दिसताक्षणी पाय काढा, गाडी आपोआप ५०-६० वर येते, समोरून कोणी नसेल तर न थांबताच निघून जाता. बोर्डावर कोणाचा हक्क आधी ते बाणांनी दाखवलेलं असतं, तुमच्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं.

वळणांचंही तेच. वळणाआधी पिवळ्या बोर्डावर ५५, ६५ असा आकडा असतो, तो कारसाठी ठीक आहे, मोटरहोमला त्याच्या पाच-दहा खाली धरा. आधी पाय काढून त्या स्पीडला या, ब्रेकला जेमतेम पाय लावा. मागे भांडी वाजत नाहीत, मुलांना उलटी होत नाही, आणि मावशीला डुलकी लागते, ही चांगल्या चालवण्याची खूण.

सातवं: वजन, टायर, हीटर

पाण्याची टाकी रोज फुल करायची गरज नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, शंभर लिटर म्हणजे दीड-दोन माणसं. रात्री जिथे नळ आहे तिथे थांबणार असाल तर अर्धी पुरते. वापरलेलं पाणी डंप स्टेशनवर वेळच्या वेळी सोडा, ते पण ओझंच. सपाटीवर स्पीडइतका याचा फरक नाही, चढणीला आणि सारख्या थांबण्याला पडतो.

टायरमधली हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. कारसारखं ३२ पीएसआय भरू नका, या टायरना त्याच्या बरंच वर लागतं आणि पुढच्या-मागच्याचे आकडे वेगळे असतात. स्टिकर सापडला नाही तर कंपनीला फोन करा, अंदाजाने भरू नका.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत रात्रीचा हीटर डिझेलवर चालतो आणि त्याच टाकीतून घेतो. तासाला शंभर-दोनशे मिली, पण रात्रभर दोन-तीन रात्री लावला तर तीन-चार लिटर हीटरचेच होतात आणि तुम्हाला वाटतं ॲव्हरेज घसरलं.

आठवं: मोजा

डॅशबोर्डचा आकडा कल समजायला ठीक आहे, खरा हिशोब टाकी ते टाकी. पंपाचं नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी परत पहिल्या क्लिकपर्यंत भरा, जितके लिटर गेले त्याला मधल्या किलोमीटरनी भागून शंभरने गुणा. उदाहरणार्थ ४१० किमीला ४९ लिटर, म्हणजे १०० किमीला १२ च्या जवळपास. शेजारी दोन शब्द लिहा, "समोरून वारा", "घाट", "हीटर दोन रात्री". तीन टाक्यांनंतर तुमचं तुम्हालाच दिसेल कुठे गेलं. मुलांना हे काम द्या, आमची पुतणी दहा वर्षांची होती, वही घेऊन बसायची आणि मी ९० च्या वर गेलो की मागून ओरडायची.

एक सावध सूचना, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. फोनच्या जीपीएसवर एकदा ताडून बघा, काट्यावर ९० म्हणजे खरे ८६-८७ असू शकतात.

नववं: कुठे भरायचं

गॅस्पी नावाचं ॲप टाका, लोक स्वतः पंपांचे भाव टाकतात. शहरात स्वस्त, लांबच्या गावात महाग हा साधा नियम. ख्राइस्टचर्चहून फुल करून निघा. पश्चिमेकडे जाताना वानाकाला भरा, तिथून हास्ट साधारण १४० किमी, पुढे फॉक्स ग्लेशियर अजून १२०, आणि भाव चढेच. मिलफर्डला जायचं तर 'ते आनाउ' या गावात टाकी भरल्याशिवाय निघू नका, एका बाजूचे जवळजवळ १२० किमी आणि मधे होमर बोगद्याकडे चढण. माझा नियम, साउथ आयलंडमध्ये काटा अर्ध्यावर आला की पुढच्या पंपाचा विचार सुरू.

भरताना नॉझलच्या रंगावर जाऊ नका, लेबलवर डिझेल लिहिलंय ते वाचा आणि मोठ्याने म्हणा, दुसऱ्या माणसाला ऐकू द्या. गाडीला निळ्या झाकणाचं ॲडब्लूचं (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) वेगळं तोंड असू शकतं, त्यात डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत ॲडब्लू गेलं तर ट्रिप तिथेच थांबते आणि खर्च आपला. चुकलंच तर इंजिन चालू न करता फोन करा.

शेवटच्या दिवशी करारात टाकी फुल परत द्यायची असेल तर डेपोच्या अगदी जवळच्या पंपावर भरा, पावती जपून ठेवा आणि काट्याचा व किलोमीटरचा फोटो काढा. त्यासाठी अर्धा तास हातात ठेवा, नाहीतर डेपो बंद व्हायची वेळ गाठायला शेवटचे ऐंशी किलोमीटर परत १०० ने जाल.